उचल देणारा शेठ धड्यात का नाही?



३० जुलै हा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिवस. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१३ साली ठरवून टाकला. त्या आठवड्यात पालघर-बोईसरच्या हायस्कुलांत आमच्यासारख्या फुकट शिकवणाऱ्यांना एकदम भाव येतो. एरवी गेटवरचा शिपाई ओळख दाखवत नाही, त्या दिवशी नारळ आणि गुलाबाचं फूल मिळतं. मग वर्गात चित्रांचा तक्ता उघडायचा. पहिल्या चित्रात काळा चष्मा लावलेला मिशीवाला एका पोरीला चॉकलेट देतो. दुसऱ्या चित्रात ती पोरगी रेल्वेच्या फलाटावर रडते. तिसऱ्यात पोलीस येतो. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, अनोळखी माणसापासून सावध राहा. पोरं ते एका सुरात म्हणतात, १०९८ नंबर पाठ करतात, फोटो निघतो, फोटो वर पाठवला जातो. पुढच्या जुलैपर्यंत विषय मिटला.

मी हे काम गेली चार वर्षं करतो. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी असते, तेव्हा शाळेत जातो. आठवी ते दहावीचे वर्ग. पालघरकडच्या शाळांत वारली, कातकरी, कोकणा पोरं जास्त. बोईसरला आमची बौद्ध पोरं आणि यूपी-बिहार-ओडिशातून आलेल्या कामगारांची पोरं. ज्या संस्थेने आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं तिची माणसं भली आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या तक्त्याशी आहे. तो तक्ता खोटा नाही, अर्धा आहे. आणि उरलेला अर्धा चुकून राहिलेला नाही, गाळलेला आहे.

आपल्या जिल्ह्यात माणूस विकत घेणारा अनोळखी नसतो. पाड्यावरच्या शेंबड्या पोराला त्याचं नाव माहीत असतं. त्याला काळा चष्मा लागत नाही आणि चॉकलेटही लागत नाही. भातकापणी उरकत आली, घरातलं धान्य किती दिवस पुरेल याचा अंदाज आला, की तो नाहीतर त्याचा मुकादम पाड्यावर येतो. ओसरीवर बसतो, चहा पितो, बापाच्या हातावर नोटा ठेवतो. त्या नोटांना कुठे उचल म्हणतात, कुठे बयाणा. दिवाळी झाली की टेम्पो येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं त्यात चढतं आणि वसई, भिवंडी, वाडा, जिथं भट्टी असेल तिथं उतरतं. पावसाच्या तोंडाशी परत. हिशोब शेठच्या वहीत.

आता मला सांगा, यात माणसाचा सौदा झाला की नाही? पैसे दिले, माणूस उचलला, हलवला, ठेवून घेतला, राबवला. तस्करी हा शब्दच आपल्या पोरांना फसवतो. तस्करी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे रात्रीचा समुद्र आणि सोन्याची बिस्किटं येतात. इथला माल दिवसाढवळ्या, गावाच्या साक्षीनं, कधी कधी सरपंचाच्या जीपमधून जातो.

आणि हे आजचं नाही. याच मातीत लग्नगडी होता. वारल्यानं लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडायला स्वतः जन्मभर, बायकोसकट, पुढे पोरांसकट सावकाराच्या घरी आणि शेतावर राबायचं. १९३०च्या दशकाअखेर सिमिंग्टन नावाच्या इंग्रज सरकारच्याच अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या आदिवासींवर अहवाल लिहिला. वेठ आणि कर्जाची ही गुलामी सरकारच्या कागदावर आली आणि कागदावरच राहिली. ती मोडली ती अहवालानं नाही. मे १९४५ मध्ये तलासरीकडच्या झरी गावात हजारो वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या लाल बावट्याखाली त्यांनी ठरवलं की वेठ नाही, लग्नगडी नाही, रोख मजुरीशिवाय काम नाही. मग गावोगाव जाऊन लग्नगडी सोडवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला. पाच माणसं मेली, जेठ्या गांगड त्यातला एक. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलंय, १९७० साली ते आलं, १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्याच तलासरी-डहाणूच्या शेजारी मी नववीच्या वर्गात विचारतो, लग्नगडी म्हणजे काय? तर पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. अमेरिकेतल्या गुलामांचं नाव त्यांना ठाऊक असतं. आपल्या आज्याचं नाही.

कुणी म्हणेल, झालं गेलं. मग ऐका. १९७६ साली वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा आला. तरी १९८०च्या दशकात याच भागात श्रमजीवी संघटनेला वसई-भिवंडीच्या पट्ट्यात वेठबिगार सोडवत फिरावं लागलं. कायदा ४५ वर्षांचा झाला तेव्हा, २०२१ साली, मोखाडा तालुक्यातल्या एका मजुरानं जीव दिला. तक्रारीत लिहिलं होतं ते असं की मेलेल्या पोराच्या कफनासाठी त्यानं मालकाकडून ५०० रुपये घेतले होते आणि ते फेडण्यासाठी तो राबत होता. गुन्हा वेठबिगारीच्या कायद्याखाली नोंदला गेला. पुढच्या वर्षी, २०२२ साली, शेजारच्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं बाहेर आली. थोडक्या रकमेवर, कुठे एखाद्या मेंढीवर, ती तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मेंढ्या वळायला ठेवलेली होती. दहा वर्षांची एक पोरगी मेली तेव्हा हे पेपरात आलं. ती मेली नसती तर आलं असतं का?

तक्त्यातली पोरगीही खरीच आहे, हे मी नाकारत नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावातून एका बांगलादेशी अल्पवयीन मुलीला पोलिसांनी सोडवलं. वर्गातल्या पोरांनी ती बातमी मोबाईलवर पाहिलेली होती, त्यावर ती तावातावानं बोलली. पण तीच पोरं भट्टीवर जाणाऱ्या आपल्या भावाबद्दल बोलताना म्हणतात, तो कामाला गेलाय. लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत आली. तेव्हापासून मुंबईत घरकामाला ‘लावून देणारी’ ताईसुद्धा सकाळी येऊन संध्याकाळी पोरगी घेऊन परत जाऊ शकते. ती कुणाची मावशी असते, कुणाची चुलती. लग्नाचं स्थळ आणणारा मध्यस्थ असतो, तोही पाहुण्यातला. वाट प्रत्येक ठिकाणी एकच आहे. घरात कर्ज, हातात रोख, तोंडात ओळखीचं नाव. म्हणून मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि फळ्यावर एक शब्द लिहायला लागलो. उचल.

पहिल्यांदा हा शब्द लिहिला त्या दिवशी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक कातकरी पोरगा उभा राहिला. तो कधी बोलत नसे. म्हणाला, “दादा, उचल तं माझ्या बापानं घेतली. मंग आमाला इकला कोनी? बापानं?”

वर्गात एकदम शांत झालं. पुढच्या बाकावरची दोन-तीन पोरं हसली, मग तीही गप्प बसली. गुरुजी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

हा प्रश्न हाच खरा धडा आहे, दोस्तहो. आजवर जे शिकवलं गेलं त्याचं उत्तर पोरानं बरोबर काढलं होतं. आईबाप अडाणी, दारुडे, पोरं जास्त, म्हणून पोरं विकली जातात, असं त्या शिकवण्याचं सार. पालकांमध्ये जनजागृती करा म्हणतात. म्हणजे गुन्हेगार घरात आहे. पोरानं मान खाली घालून घरी जायचं आणि बापाकडे बघायचं ते गुन्हेगार म्हणून.

मी त्याला सांगितलं, नाही. तुझ्या बापानं विकलं नाही. कायदा काय म्हणतो बघ. १९७६च्या कायद्यानं वेठबिगारीचं सगळं कर्ज त्याच दिवशी संपवलंय, ते फेडायची जबाबदारीच उरत नाही. अशा कर्जापोटी राबवून घेणारा गुन्हेगार. राबवून घेण्यासाठी असली उचल देणारा गुन्हेगार. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. उचल घेणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही, असं सिद्ध करायचं असेल तर ते शेठनं करायचं, तुझ्या बापानं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमातही तेच सूत्र आहे. पैसे देऊन, फूस लावून माणूस शोषणासाठी उचलला, तर त्याची ‘संमती होती’ ही पळवाट चालत नाही. अल्पवयीन मूल असेल तर शिक्षा किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत.

पोरगा खाली बसला. नंतरच्या तासाला त्यानं पहिल्यांदा पाटी-पुस्तक पुढच्या बाकावर आणलं. पोराची मान वर झाली, एवढंच माझ्या चार वर्षांच्या शिकवण्याचं मोजमाप मी मानतो. माझं म्हणणंही तेवढंच आहे. हा धडा शिकवायचा तर तो पोराला भीती घालण्यासाठी नाही आणि आईबापाची लाज वाटायला लावण्यासाठी नाही. गुन्हा कुणाचा ते नाव घेऊन सांगण्यासाठी.

आणि नुसतं कलम सांगून भागत नाही. शेठ कलमावर जगत नाही, हिशोबावर जगतो. म्हणून दुसरा तास मी गणिताचा घेतो. फळ्यावर आकडे मांडतो, पोरंच सांगतात. समजा उचल ४० हजार. आठवड्याची खर्ची दीड हजार, २४ आठवडे, म्हणजे ३६ हजार. घेतले एकूण ७६ हजार. हजार विटांना ८०० रुपये. नवरा-बायकोनं ९६ हजार विटा थापल्या, कमाई ७६,८००. म्हणजे शेठकडून ८०० रुपये येणं. इथं शेठ वही काढतो. अवकाळी पावसात ८ हजार विटा विरघळल्या, त्या धरायच्या नाहीत. ६,४०० वजा. कमाई राहिली ७०,४००. येणं ८०० होतं, ते देणं ५,६०० झालं. पुढची दिवाळी त्या ५,६०० रुपयांत आधीच विकली गेली.

आता मजुरी काढा. आठवड्याचे सहाच दिवस धरा, भट्टीवर सातवा दिवसही असतो ते सोडा. १४४ दिवस, दोन माणसं, २८८ दिवसांचं काम. दर दिवसाला माणशी २४४ रुपये. पण विटा उलटायला, माती कालवायला पोरगी होती की! तिला धरा. ४३२ दिवस. माणशी १६३ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीवर खड्डे खणायचा सरकारी दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. पोरं भागाकार दोन-दोनदा करून बघतात, चुकलं असेल म्हणून. चुकलेलं नसतं.

याच्यापुढे एकच गोष्ट सांगायची असते. १९८२ साली दिल्लीत एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांची केस सुप्रीम कोर्टात गेली. लोकशाही हक्कांसाठी लढणाऱ्या पीयूडीआर संघटनेनं ती नेली होती. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं निकाल दिला की माणसाला किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं ही घटनेच्या २३व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच आहे. पायात बेडी लागत नाही. भूक हीच सक्ती. हा निकाल नववीच्या पोराला कळतो, कारण त्यानं भागाकार केलेला असतो. बोईसरच्या वर्गातही कळतो. तिथं भट्टी नसते, ठेकेदार असतो. गावाहून येतानाचं तिकीट त्यानं काढलेलं, खोलीचं डिपॉझिट त्यानं भरलेलं, आधार कार्ड त्याच्या खिशात, पगारातून कापणी चालू. बारा तासांची ड्युटी आणि सही आठ तासांवर. तिथला एक पंधरा वर्षांचा पोरगा वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपतो म्हणून मार खायचा. रात्री एका गाळ्यात पॅकिंगला जातो, हे मारणाऱ्यानं कधी विचारलं नाही. पोरांनीच मला सांगितलं.

पोरं गणित शिकली की काय होतं तेही सांगतो. त्या कातकरी पोराचं घर दिवाळीनंतर भट्टीवर गेलंच. गणितानं घरात तांदूळ येत नाही. पण जाताना त्यानं दोनशे पानी वही मागून नेली. रोज संध्याकाळी मोजणी झाली की किती विटा, किती खर्ची, कुणाला बरं नव्हतं, सगळं लिहिलं. हंगाम संपला तेव्हा शेठच्या वहीत ७१ हजार विटा, पोराच्या वहीत ८३ हजार. ९,६०० रुपयांचा फरक. शेठ आधी ओरडला, मग हसला, मग म्हणाला, पोरगा शिकला म्हणून आता मला हिशोब शिकवणार काय? शेवटी पाड्यावरचे आणखी चार जण उभे राहिले तेव्हा निम्मा फरक दिला. पुढच्या हंगामाला त्या मुकादमानं या घराला हाक मारली नाही. त्यांना दूर भिवंडीकडे, अनोळखी भट्टीवर जावं लागलं. पोरगा नववीत आला आणि दिवाळीनंतर शाळेतून गेला.

म्हणून एकट्या वहीवर माझा भरवसा नाही. एका पोराची वही म्हणजे एका घराची उपासमार. चाळीस पोरांच्या वह्या असतील तर मुकादमाला हाक मारावीच लागेल, कारण मग तो बोलावणार कुणाला?

आता रिकाम्या बाकांकडे या. आमच्या शाळांत दिवाळीच्या सुट्टीनंतर मस्टरवर लाल रेघा वाढत जातात. जुलैत ज्या वर्गात मी साठ पोरांना शिकवलं त्यात जानेवारीत चाळीस असतात. ज्यांच्यासाठी धडा आहे तीच पोरं गेलेली असतात, आणि उरलेल्यांपुढे तज्ज्ञ बोलत असतात. सरकारच्या दप्तरी इलाज आहेत. हंगामी वसतिगृह आहे, म्हणजे आईबाप गेले तरी पोरानं गावातच राहून शिकायचं. शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे पोरगं जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. चार वर्षांत किती पोरांच्या हातात ते कार्ड पाहिलं? मी वर्गात हात वर करायला सांगतो. एकही हात वर येत नाही. आणि २००९च्या शिक्षण हक्काची हद्द चौदा वर्षांपर्यंत. मुकादमाच्या कामाला पोरगं जेव्हा नेमकं येऊ लागतं तिथं हक्क संपतो.

एका शाळेत मला ऑफिसात बोलावून सांगितलं गेलं, “तुम्ही मुलांना सावध राहायला शिकवा, पण मालक, मजुरी, जात हे विषय काढू नका. शाळेच्या भिंतीच्या विटा कुणी दिल्यात ठाऊक आहे ना?” ठाऊक आहे. त्या विटा कुणी थापल्या तेही ठाऊक आहे. त्यांच्यापैकी काहींची नावं त्याच शाळेच्या गळतीच्या यादीत आहेत.

जात काढू नका म्हणे! मग कलम २३ वाचायचं कसं? ज्या घटनेनं १७व्या कलमात अस्पृश्यता गाडली तिनंच २३व्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच वाक्यात, एकाच दमात बंद केले. त्या दोघांना वेगळं केलं ते पुढच्या शहाण्यांनी. एकासाठी तक्ता, मेणबत्त्या आणि ३० जुलै. दुसऱ्यासाठी मौन. बाबासाहेबांना वेठ म्हणजे काय हे पुस्तकातून कळलं नव्हतं. महार वतन म्हणजे कायद्याच्या कागदावरची वेठच होती. गावानं आणि सरकारनं रात्री-अपरात्री हाक मारावी, घरच्या कुणीही धावावं, मोबदला म्हणून तुटपुंजा जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकर. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्यांनी वतनाविरुद्ध बिल आणलं, तेव्हा वतन आमचा मान आहे म्हणणारे आमच्यातही होते. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की सक्तीनं राबवणं हा गुन्हा ठरवा. वतन गेलं १९५८च्या कायद्यानं. माझ्या आज्यानं वेठ केली आहे. म्हणून कातकरी पोरापुढे मी उपकारकर्ता म्हणून उभा राहत नाही. तुझ्या गळ्यातला दोर कर्जाचा, माझ्या आज्याच्या गळ्यातला वतनाचा. गाठ एकाच हातानं मारलेली.

कोण विकलं जातं याची यादी काढा. कातकरी, वारली, भटक्या जमाती, दलित, आणि आता बाहेरच्या राज्यांतून आलेले तसलेच. हा योगायोग असेल तर मग योगायोग तीन हजार वर्षं चाललाय.

माझ्याविरुद्ध तीन गोष्टी बोलल्या जातात, त्यांना उत्तर देऊन टाकतो.

पहिली, पोरं लहान आहेत, त्यांना हे पेलणार नाही. जी पोरगी सहाव्या वर्षी भट्टीवर विटा उलटते तिला तेराव्या वर्षी त्याचा कायदा पेलत नाही? तिला विटा पेलतात तेव्हा तुम्ही कुठे असता?

दुसरी, शेठ वाईट असला तरी काम देतो, तो गेला तर ही माणसं मरतील. यात तथ्य आहे आणि ते मी पोरांपासून लपवत नाही. महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, देशानं २००५ साली. पण हमीचं काम दिवाळीला निघत नाही, निघालं तर मजुरी कधी येईल याचा भरवसा नाही. शेठ रोख देतो आणि आजच देतो. उचलीची गरज खरी आहे, म्हणूनच उचलीचा फास बसतो. तेव्हा लढाई दोन टोकांना आहे. तिकडे शेठची वही तपासायची आणि इकडे गावात वेळेवर काम, वेळेवर मजुरी मागायची. नुसतं ‘जाऊ नका’ म्हणणाऱ्यानं आधी चार महिन्यांचं धान्य पाड्यावर आणून टाकावं.

तिसरी, स्वयंसेवकानं राजकारण करू नये. गुन्हेगाराचं नाव न घेता गुन्हा शिकवणं हेही राजकारणच आहे, फक्त ते शेठच्या सोयीचं.

मग करायचं काय? मी चार कामं सांगतो, चारही हातात येण्यासारखी आहेत.

एक. हा धडा ३० जुलैला नको, किंवा फक्त ३० जुलैला नको. उचल वाटली जाते गणपती ते दिवाळीच्या दरम्यान. सप्टेंबर-ऑक्टोबरात शिकवा, पोरं आणि नोटा दोन्ही पाड्यावर असताना. वर्ग संपल्यावर संध्याकाळी तोच धडा पाड्यावर आईबापांपुढे घ्या.

दोन. दिवाळीनंतर जो जो बाक रिकामा होईल त्याचं नाव, कुठे गेला, कुठल्या मुकादमाबरोबर, हे वर्गातल्या पोरांनी लिहून ठेवावं. ती यादी मुख्याध्यापकांना द्यावी, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि हंगामी वसतिगृह मागावं. शाळेतून नाव कमी करायचं नाही.

तीन. १९७६च्या कायद्यानं जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असलीच पाहिजे. वेठबिगार शोधणं, त्याला सोडवणं, मुक्तीचं प्रमाणपत्र देणं ही प्रशासनाची जबाबदारी आहे. २०१६च्या केंद्राच्या योजनेत पुनर्वसनाची रक्कमही ठरवली, पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख, अतिशय गंभीर प्रकारात तीन लाख. प्रांत ऑफिसात जाऊन विचारा, समितीची शेवटची बैठक कधी झाली? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहावीच्या पोरांना मराठीत अर्जलेखन असतंच, मार्कांसाठी खोटे अर्ज लिहिण्यापेक्षा एक खरा लिहू द्या.

चार. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६च्या पेसा कायद्यानं आदिवासींना दिल्या जाणाऱ्या कर्जावर, सावकारीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. मग उचल ओसरीवर का वाटली जाते? ती ग्रामसभेपुढे नोंदू द्या. किती रक्कम, किती महिने, हजाराला काय भाव, पावसात विटा गेल्या तर नुकसान कुणाचं, पोरं कुठे राहणार. मुकादमाला यातलं काहीच नोंदवायचं नसेल तर त्याला माणसं नेऊ देऊ नका.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, अजून राहतायत. त्यांना लागणारी वीट कुठल्यातरी पाड्यावरच्या बाईनं उकिडवं बसून थापलेली आहे. तिच्या पोराला आपण वर्गात काय शिकवतो याचा जाब तिला मागता येत नाही, म्हणून मी तो इथं मागतोय.

शिकलेल्या पोरांनो, बोईसरच्या चाळींतल्या, पालघरच्या वस्त्यांतल्या, कॉलेज करून एमआयडीसीच्या गेटवर उभं राहणाऱ्या दोस्तांनो, आठवड्यातून एक सकाळ द्या. डिग्री लागत नाही. कायद्याची चार कलमं आणि भागाकार येत असला की पुरे. त्या पोराची शेवटची खबर मला अशी आहे की तो भिवंडीकडच्या भट्टीवरच आहे, वही अजून लिहितोय, आणि त्याच्याबरोबर आणखी तिघं लिहायला लागलीत. या हंगामाच्या हिशोबाला ती चार पोरं एकटी असता कामा नयेत. कोण कोण येणार ते दिवाळीच्या आत कळवा.

जयभीम.